रक्षिताच्या गोळ्या आणि माझी सिस्टिम

३ ऑगस्ट, रविवार

रक्षिताला हॉस्टेलला सोडून आलो. देवनहळ्ळीच्याही पुढं. कॉलेज चांगलं आहे. झाडं आहेत. लांब आहे. फार लांब आहे.

सगळं कंट्रोलमध्ये.

ही डायरी आजपासून. कुणाला दाखवायची नाही. यशवंतपूरच्या कारखान्यात पंपांचं मेंटेनन्स बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. ज्याची नोंद नाही ते काम झालंच नाही, असं मी हाताखालच्या लोकांना रोज सांगतो. मग घरच्या कामाची नोंद का नको?

काम असं. रक्षिताला फिट येतात. म्हणजे यायच्या. नववीत असताना सुरू झाल्या. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली तेव्हापासून दोन वर्षांत एकही नाही. सकाळी एक, रात्री एक, चुकवायची नाही, बस. आजपर्यंत गोळी शालन द्यायची. सुपरव्हिजन माझं होतं. आता पोरगी हॉस्टेलला गेली म्हणजे बायकोचं काम संपलं. पुढची जबाबदारी पूर्ण माझी.

गोळ्यांसाठी डबा करून दिला. आमच्या स्टोअरमध्ये स्क्रू ठेवायचा असतो तसा, खणाखणांचा. प्रत्येक खणावर मार्करनं वार आणि वेळ लिहिली. रक्षिता म्हणाली, अप्पा, हा माझ्या बॅगेत मावत नाही. मी म्हणालो, बॅग बदल.

येताना बसमध्ये शालन सारखी मागं वळून बघत होती. तिला धीर दिला. हेब्बाळ येईपर्यंत देत होतो. शेवटी म्हणाली, अहो, स्वल्प गप्प बसा.

४ ऑगस्ट, सोमवार

सिस्टिम सुरू. सकाळी आठला फोन. घेतली का? घेतली. रात्री आठला फोन. घेतली का? जेवतेय, जेवून घेते. मी म्हणालो, मी थांबतो. फोन चालूच ठेवला. तिचं जेवण होईपर्यंत ताटांचा आवाज ऐकत बसलो.

मागून कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. चौकशी केली. रूममेट. भव्या नाव, हासनची. इतक्या मोठ्यानं हसणाऱ्या मुलीबरोबर पेशंटला विश्रांती कशी मिळणार? रक्षिताला वेगळी खोली मागायची.

सगळी योजना शालनला कागदावर काढून दाखवली. बाण, चौकोन, सगळं. वर नाव दिलं, ‘मेंटेनन्स शेड्यूल’. ती म्हणाली, पोरगी आहे, पंप नाही. मी शांतपणे सांगितलं की पंपांना मी इतकं जपत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

हाफ डे टाकून कॉलेजला गेलो. रक्षिताला सांगितलं नाही. सरप्राइज इन्स्पेक्शन.

अपंग आणि आजारी विद्यार्थ्यांसाठी तिथं एक सपोर्ट सेल आहे. पवित्रा मॅडम बघतात. वय फार नाही. टेबलावर एकही फाइल नाही. नोंदी कुठं ठेवतात देव जाणे.

मी सुरुवातीपासून सगळं सांगायला घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, रक्षिता पहिल्याच आठवड्यात येऊन गेली. स्वतःच आली. फिटचं सांगितलं, डॉक्टरांचा कागद दिला. परीक्षेत गोळी आणि पाणी जवळ ठेवायची परवानगी घेतली. फिट आली तर पेपर पुन्हा देता यावा हे ठरवून घेतलं. हॉस्टेलमध्ये वरचा पलंग नको, खालचा हवा, हेही.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणालो, हो हो, माझ्याच सूचनेवरून.

वेगळ्या खोलीचं काढलं. मॅडम म्हणाल्या, उलट रात्री जवळ कुणीतरी असलेलंच बरं. मी म्हणालो, मग निदान सगळ्या स्टाफला मी सांगून ठेवतो. त्या म्हणाल्या, प्लीज नको. कुणाला सांगायचं ते रक्षिता ठरवेल, ती अठरा वर्षांची आहे. मी म्हणालो, मी वडील आहे. त्या म्हणाल्या, ते लक्षात आलं माझ्या.

सरी, म्हणालो. म्हणजे ठीक आहे. वाद नको.

बाहेर पडताना फक्त चौघांना सांगितलं. वॉचमन, कँटीनवाला, लायब्ररीतल्या बाई आणि पीटीचे सर. चौघं म्हणजे सगळा स्टाफ नव्हे. पीटीच्या सरांनी फार गांभीर्यानं घेतलं. डायरीत लिहून घेतलं. असा माणूस पाहिजे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

रक्षितानं आपण होऊन फोन केला. पहिल्यांदाच. आनंद झाला. थोडाच वेळ टिकला.

थ्रोबॉलच्या टीममध्ये तिची निवड झाली होती. मला सांगितलं नव्हतं, शनिवारी आईला आणि मला एकदम सांगणार होती. काल पीटीच्या सरांनी तिला टीममधून काढलं. रिस्क नको म्हणाले. आणि कँटीनवाला प्लेट हातात देताना दर वेळी मोठ्यानं विचारतो, “मात्रे तगोंड्या?” म्हणजे गोळी घेतलीस का. अख्ख्या रांगेसमोर. ज्या पोरी तिला नावानंही ओळखत नव्हत्या त्या आता तिच्याकडं बघून बाजूला सरकतात.

“अप्पा, कुणाला सांगायचं ते मी ठरवणार होते,” म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्यावर मला उत्तर देता येतं.

मी म्हणालो, टीममधून मी काढलं नाही, सरांनी काढलं. तिनं फोन ठेवला.

ठराव: हा प्रश्न मी स्वतः सोडवणार.

२० ऑगस्ट, बुधवार

प्रश्न सुटला. रक्षिता थ्रोबॉलमध्ये परत.

झालं असं की तिनं डॉक्टरांकडून पत्र आणलं, खेळायला हरकत नाही म्हणून. पवित्रा मॅडम तिच्याबरोबर पीटीच्या सरांकडं गेल्या. कँटीनवाल्याशीही मॅडमच बोलल्या. माझं नाव कुठं आलं नाही, पण फॉलो-अप माझा होता. सरांना मी रोज फोन करत होतो. ते उचलत नव्हते. मिस्ड कॉलचंही एक प्रेशर असतं.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

रक्षिता घरी आली. भव्याही आली, हासनला जाऊन येण्याएवढी सुट्टी नव्हती म्हणून. पोरगी मोकळी आहे. नैवेद्याचे कडुबू भरपूर खाल्ले. शालनला लगेच अक्का म्हणायला लागली.

रक्षिताच्या बॅगेतून माझा डबा निघाला. बॅग मोठी घेतली होती खरी. बरं वाटलं. उघडून बघितला. सोमवार सकाळ: हेअरपिना. सोमवार रात्र: कानातले. मंगळवार: सेफ्टी पिना. गोळ्या एका छोट्या पाउचमध्ये होत्या, रुमालाशेजारी.

डबा वापरात आहे, एवढी नोंद करतो.

दुपारी हॉलमध्ये दोघींचा वेगळाच खेळ. भव्या चटईवर पेशंट होऊन पडली होती. रक्षिता तिला दाखवत होती, फिट आली की माणसाला कुशीवर कसं वळवायचं, डोक्याखाली काय ठेवायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही. मग रक्षिता पडली आणि भव्यानं तिला वळवलं. दोघी हसत होत्या. शालनसुद्धा.

रक्षिता म्हणाली, अप्पा, या ना, तुम्हीही शिका. मी म्हणालो, मला नको शिकवू, मी तुझ्या सगळ्या फिट बघितल्यात. आणि गॅलरीत गेलो. असल्या गोष्टीचा खेळ करू नये.

बघितल्यात म्हणजे, फिट आली की शालन तिच्याजवळ बसायची आणि मी रिक्षा आणायला धावायचो. रिक्षा आणणं हेही महत्त्वाचं काम आहे. ती वेळेवर मिळाली नसती तर?

४ सप्टेंबर, गुरुवार

आज सिस्टिमची परीक्षा झाली.

सकाळी आठला फोन. घेतली का? घेतली. पण आवाज नेहमीसारखा नव्हता. कारखान्यात याला संशयास्पद रीडिंग म्हणतात, पुन्हा मोजावं लागतं. परत फोन केला. विचारलं, नक्की घेतलीस की घेतली असं वाटतंय? घेतलेली आठवते का? पाणी प्यालेलं आठवतं का? ते आजचं पाणी की कालचं? ती आधी चिडली. मग म्हणाली, आता मलाच कळेना. मी म्हणालो, मग घेऊन टाक, शंका नको.

घेऊन टाकली.

दुपारी पवित्रा मॅडमचा फोन. रक्षिता टेस्टमध्ये बाकावर डोकं ठेवून झोपली होती. उठवली तरी उठेना. नंतर उठली तर जीभ जड, पाय जड. भव्यानं पाउचमधल्या गोळ्या मोजल्या, एक जास्त गेली होती. मॅडमनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, या वेळी झोपेवर निभावलं. पण आठवत नसेल तर स्वतःच्या मनानं दुसरी गोळी घ्यायची नाही, मला फोन करायचा.

मॅडमनी विचारलं, घ्यायला कुणी सांगितलं होतं का? मी म्हणालो, लाइन स्वल्प खराब आहे.

रात्री शालनला सांगितलं की डबल चेकिंगचे काही दुष्परिणाम असतात. तिनं भाजीची कढई सिंकमध्ये जरा जोरातच ठेवली.

ठराव: फोन एकदाच करायचा. जास्तीत जास्त दोनदा.

१३ सप्टेंबर, शनिवार

गोळ्यांचा पुरवठा हा विषय आजवर दुर्लक्षित होता. आज हातात घेतला.

रक्षिताचं म्हणणं, हॉस्टेलजवळ मेडिकल आहे, डॉक्टरांची चिठ्ठी फोनमध्ये आहे, मी घेईन. मी नाही म्हणालो. ती दुकानं कुठल्याही कंपनीची गोळी देतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, कंपनी त्यांना न विचारता बदलायची नाही. मी आपल्या नेहमीच्या दुकानातून घेणार आणि स्वतः आणून देणार. कंपनी बदलल्यामुळं फिट आलेल्या एका माणसाची गोष्टही सांगितली. तो माणूस खरा नाही, पण मुद्दा खरा आहे.

शालन म्हणाली, मग दोन-चार पट्ट्या जास्तीच्या देऊन ठेवा. मी समजावलं. जास्त स्टॉक म्हणजे निष्काळजीपणाला आमंत्रण. जेवढं लागतं तेवढंच, लागतं तेव्हाच. मोठमोठे कारखाने यावर चालतात.

येत्या शनिवारी तिच्या गोळ्या संपतात. येत्या शनिवारी मी तिथं हजर.

२० सप्टेंबर, शनिवार

गोळ्या आणून ठेवल्यात. नेहमीची कंपनी. पाकीट बॅगेत. बॅग दाराशी.

फक्त मी निघू शकलो नाही. कस्टमरची माणसं अचानक ऑडिटला आली. सुटलो तेव्हा दिवे लागले होते.

रक्षिताचा फोन. शेवटची गोळी सकाळी घेतली. जवळच्या मेडिकलमध्ये जाऊन आली, त्यांच्याकडं आपली कंपनी नाही, दुसरी आहे. घेऊ का? मी म्हणालो, अजिबात नको. सकाळी पहिल्या बसनं येतो.

डॉक्टरांना विचारू का, म्हणाली. शनिवारी रात्री कशाला त्रास, म्हणालो.

“सरी,” म्हणाली. सोमवारी टेस्ट आहे, रात्रभर वाचायचंय, वाद घालायला वेळ नाही. एवढंच.

शालननं चप्पल घातली होती. म्हणाली, द्या इकडं, मी जाते. मी म्हणालो, एवढ्या अंधारात एकटी कुठं जाणार? एका रात्रीनं काही होत नाही. डॉक्टर लोक मार्जिन ठेवून बोलतात, पंपावरही लिहिलेल्यापेक्षा जास्त लोड चालतो. ती चप्पल तशीच घालून खुर्चीवर बसून राहिली.

२१ सप्टेंबर, रविवार

पहिली बस चुकली. दुसरी मिळाली.

हॉस्टेलच्या फाटकाशी झाडाखाली बाक आहे, भेटायला येणाऱ्यांसाठी. रक्षिता तिथंच बसली होती. डोळे ओढलेले. मी पाकीट दिलं. म्हणालो, बघ, आणलं की नाही. ती हसली. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं.

बाटली पडली.

पुढचं लिहायला हवं. नोंद.

ती बाकावरून खाली आली. मी उभा होतो. माझ्या हातात दुसरी पट्टी होती. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि मी उभाच होतो. भव्या आतून धावत आली. आधी बाक बाजूला ढकलला, मग रक्षिताला कुशीवर वळवलं, आपली ओढणी गुंडाळून डोक्याखाली घातली. मला म्हणाली, अंकल, टाइम नोडी, वेळ बघा. मी घड्याळ बघितलं. काटे दिसत होते. किती वाजले ते कळत नव्हतं.

मग मी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. लोखंड हातात दिलं की फिट थांबते म्हणतात. तिची मूठ उघडायला लागलो. उघडेना. भव्यानं माझा हात धरून बाजूला केला. रागावली नाही. “बेडा अंकल,” म्हणाली. नको अंकल.

मी नाव घेऊन ओरडत होतो असं वॉचमन सांगतो. मला आठवत नाही.

मी विचारलं, रिक्षा आणू का?

तिथं रिक्षा नसते.

भव्यानं फोन केला, कॉलेजची गाडी आली. पवित्रा मॅडम रविवार असून आल्या. हॉस्पिटल. रक्षिताची जीभ चावली गेली आहे. आता झोपली आहे. शालन कळवल्यावर लगेच आली, तिच्याजवळ आहे. तिथं एकालाच बसता येतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

कारणं.

शेजारच्या सोयराबाई म्हणाल्या, काल अमावस्या होती. मोठी अमावस्या. हे एक.

रात्रभर वाचन, झोप नाही. हे डॉक्टरही म्हणाले. हे दुसरं.

डॉक्टर आणखी एक म्हणाले. शालन शेजारीच उभी होती, तिनं ऐकलं. माझ्याकडं बघितलं नाही. काल सकाळपासून ती माझ्याशी फक्त कामाचं बोलते. चहा घ्या. बाजूला व्हा.

मी डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्या कंपनीची घेतली असती तर? ते म्हणाले, काहीच न घेण्यापेक्षा ती चालली असती. मला एक फोन करायचा होता.

रक्षिता जागी झाल्यावर तिनं आधी टेस्टचं विचारलं. पवित्रा मॅडमनी कालच बोलून ठेवलंय, नंतर देता येईल. मग रक्षितानं जड जिभेनं शालनला विचारलं, अप्पा जेवले का?

मी दाराबाहेर होतो. ऐकू आलं. पाणी आणायला गेलो. बाटली भरलेलीच होती.

२९ सप्टेंबर, सोमवार

पवित्रा मॅडमच्या खोलीत मीटिंग. बोलावली रक्षितानं. मी, शालन, भव्या. मी तयारी करून गेलो होतो, सुधारित योजना आहे माझी. काढायची वेळ आली नाही.

रक्षिताच बोलली. गोळ्या तीच घेणार. एक जास्तीची पट्टी भव्याकडं, एक मॅडमकडं. दुकानात कंपनी नसेल तर डॉक्टरांना फोन ती करणार, रात्र असो की रविवार. फिट आली तर काय करायचं ते टीममधल्या मुलींना आणि वर्गातल्या तिघींना ती स्वतः शिकवणार. पहिला फोन भव्याला. मग मॅडमना. मग आईला.

मी थांबलो. पुढचं नाव येईना. विचारलं, आणि मला? ती म्हणाली, तुम्हाला आई सांगेल.

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. भव्या आज हसत नव्हती.

मग रक्षिता म्हणाली, “अप्पा, फोन रोज करा. पण गोळीचं विचारू नका.”

मी म्हणालो, का? काळजीनं विचारतो.

“तुम्ही विचारलं की मला वाटतं आता काहीतरी होणार. दिवसभर तेच वाटत राहतं.”

दोन महिने दिवसातून दोनदा मी तेच विचारत होतो. जास्तीत जास्त तीनदा.

सरी, म्हणालो. नंतर एवढं मात्र निदर्शनास आणून दिलं की फाटकाशी चोवीस तास गाडी हवी. मॅडम म्हणाल्या, चांगली सूचना आहे. त्यांनी लिहून घेतली नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

फोन चालू आहे. रोज आठला. गोळीचं विचारत नाही.

अडचण अशी की दुसरं काय विचारायचं ते सापडत नाही. काय खाल्लंस? उप्पिट. आणि? चटणी. मग शांतता. दोघंही श्वास घेत असतो. शालन फोन घेते आणि त्यांचं अर्धा तास चालतं. कशाबद्दल बोलतात बघायला मी पेपर घेऊन जवळ बसलो. भव्याच्या बहिणीचं लग्न, एका सरांचा विग, केसांना लावायचं तेल. यात विचारण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही.

परवा काहीच सुचेना म्हणून पंपाचं सांगितलं. एका पंपाचं सील गळतंय, बदललं तरी गळतंय. ती ऐकत होती. काल तिनंच विचारलं, अप्पा, त्या पंपाचं काय झालं? सविस्तर सांगितलं. शाफ्ट, बेअरिंग, सगळं. मधेच भव्याचा आवाज आला, अंकल, मग नवीन पंप का घेत नाहीत? म्हणजे फोन स्पीकरवर होता. पहिल्यापासून.

तरी सांगितलं.

आज पंप दुरुस्त झाला. उद्या काय बोलायचं, बघायला हवं.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

रक्षिता घरी. थ्रोबॉल खेळून काळी झाली आहे. चांगली दिसते.

ठरवलं होतं, गोळीचं विचारायचं नाही. बघण्यावर बंदी नाही. म्हणून पहाटेपासून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. अभ्यंगस्नान उरकलं. रक्षिता आली, पाउच काढलं, गोळी घेतली, पाणी प्याली. मी पेपर उलटा धरला नव्हता, तसं काही नाही.

मग शालननं फडताळातून एक छोटी बाटली काढली. त्यातून एक गोळी घेतली. पाणी प्याली.

मी म्हणालो, ही कसली?

थायरॉइडची, म्हणाली. रोज सकाळी रिकाम्या पोटी. त्यानंतर अर्धा तास कॉफी चालत नाही.

कधीपासून?

तीन वर्षं झाली असतील.

तीन वर्षं रोज सकाळी ती मला कॉफी देते आणि स्वतः घेत नाही. मला वाटायचं, तिला माझं झाल्यावर निवांत प्यायला आवडते. असं मी लोकांना कौतुकानं सांगितलंही आहे.

म्हणालो, मला सांगायचं नाही का? मी लक्ष ठेवलं असतं. शालन म्हणाली, म्हणूनच. तेवढ्यात तिचा फोन वाजला. समोरच बसलेल्या रक्षितानं अंगठा पाठवला होता. शालननं ओल्या हातानं उलट अंगठा पाठवला. दोघी हसल्या. रक्षिता हॉस्टेलला गेल्यापासून त्यांचं हे रोज सकाळी चालतं. मी घेतली. मीही घेतली. कुणी काही विचारत नाही. एकदाही चुकलं नाही, शालन म्हणाली, मग पुढं म्हणाली, म्हणजे गोळी होती तोवर.

मी पेपर घडी करून ठेवला. म्हणालो, मलाही त्यात घ्या.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. रक्षितानं विचारलं, “पण अप्पा, तुम्ही कुठली गोळी घेता?”

चिडवत नव्हती. खरंच विचारत होती.

मी विचार केला. बराच केला. कुठलीच नाही, म्हणालो. मला काही झालेलं नाही.